पुंडलिकाचा घोडा

पुंडलिकरायाची कथा आपण सगळ्यांनी शंभर वेळा ऐकली आहे. कीर्तनकार ती सांगायला लागले की आपले मन आधीच विटेपाशी जाऊन उभे राहते. देव आला, पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे केली, देव तिच्यावर उभा राहिला. या ओढीत कथेतला एक घोडा मागे राहून जातो. आज त्या घोड्याविषयी लिहायचे आहे.

सेवेला लागण्यापूर्वीचा पुंडलिक कसा होता, हे जुने कीर्तनकार सविस्तर सांगत. त्याचे म्हातारे आई-वडील काशीयात्रेला निघाले. मागोमाग पुंडलिकही निघाला, पण तो आणि त्याची बायको घोड्यावर, आई-वडील पायी. संध्याकाळी मुक्काम पडला की घोड्याला चारापाणी करायचे, त्याचा खरारा करायचा, हे कामही त्याच दोन थकलेल्या जिवांकडे. पुढे कुक्कुटस्वामींच्या आश्रमात पहाटे त्याला मळक्या वस्त्रांतल्या स्त्रिया आत जाताना आणि सेवा करून लख्ख होऊन बाहेर पडताना दिसल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. तुझ्यासारख्यांचे पाप धुऊन आम्ही मळतो, असे त्यांनी त्याला सांगितले, आणि पुंडलिक घोड्यावरून उतरला. तो उतरला म्हणून पंढरी झाली.

तो घोडा आता पुन्हा आपल्या दारात आला आहे. या वेळी त्याला तीन रांगा आणि सात आसने आहेत. आणि मोठी गंमत अशी की, तो आई-वडिलांसाठीच आणला आहे असे सांगितले जाते.

गेली चार-पाच वर्षे मी आसपासच्या घरांतून एकच वाक्य ऐकतो आहे. "आई-बाबांना पंढरपूरला न्यायला बरी पडेल, म्हणून मोठी गाडी घेतोय." घरात माणसे चार, कधी पाच. जुनी गाडी धड चालते आहे. पण तीन रांगांची एसयूव्ही हवी, आणि कारण विचारले की पांडुरंगाचे नाव पुढे येते. माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. गाडी घ्या किंवा घेऊ नका, तो ज्याच्या-त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. पण विठोबाला आणि आई-वडिलांना त्या कर्जाचे जामीनदार करू नका. त्यांची नावे हिशोबातून काढून टाका आणि मग गाडीची गरज उरते का, ते पाहा. उरली तर खुशाल घ्या. बहुतेक घरांत ती उरत नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी माझ्या स्वतःच्या घरावरून सांगतो.

आम्ही फलटण तालुक्यातले. मी आणि घरची मंडळी गावाकडे असतो, मुलगा-सून आणि दोन नातवंडे चिंचवडला. म्हणजे सगळे मिळून सहा. मुलाकडे आठ वर्षांची लहान गाडी आहे. गेल्या दिवाळीत त्याने विषय काढला. "आबा, सेव्हन सीटर घ्यायची म्हणतोय. आईला आता चालवत नाही. वारी सुटली म्हणून ती झुरते. गाडी असली तर महिन्याच्या एकादशीला नेऊन आणता येईल." रस्त्यावर येईपर्यंत गाडी वीस लाखांची. सोळा लाख कर्ज मिळत होते. वरचे चार लाख कमी पडत होते, आणि माझी बरोबर तेवढीच मुदत ठेव होती. ती मोडावी, असे त्याचे म्हणणे.

त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आईवर त्याचा जीव आहे. पण ती ठेव कशासाठी ठेवली होती, हे तो विसरला होता. त्याच्या आईने एकोणीस वर्षे पायी वारी केली. आता दोन्ही गुडघ्यांचे सांधे झिजले आहेत. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. आज नाही तर दोन वर्षांनी ती करावीच लागेल, म्हणून मी ते चार लाख बाजूला ठेवले होते. म्हणजे जिचे गुडघे दुरुस्त करायचे तिच्याच गुडघ्यांचे पैसे मोडून तिला बसवायला गाडी घ्यायची. पुंडलिकाच्या घोड्याचा खरारा आई-वडिलांनी करावा, तो हाच.

तरीही मी लगेच नाही म्हटले नाही. मुलगा हौसेने बोलावत होता, म्हणून आम्ही दोघे शोरूमला गेलो. तिथे जे पाहिले ते कोणीही जाऊन पाहावे. तिसऱ्या रांगेत जायचे म्हणजे मधल्या रांगेचे आसन दुमडायचे, उंच पायरीवर पाय ठेवायचा, कमरेत वाकायचे आणि अंग चोरून मागे सरकायचे. आत बसल्यावर तिथली जमीन उंच, आसन बुटके, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात. धडधाकट पोराला एक तास ठीक आहे. सांधे झिजलेल्या बाईला तिथे पोचताच येत नाही. तिने एकदा पाय उचलून पाहिला आणि म्हणाली, "मी आपली मधेच बसते." सूनबाई म्हणाली, "मग मी मुलांना घेऊन मागे बसेन."

विक्री करणारा मुलगा सालस होता. मी त्याला विचारले, "सात जण बसल्यावर सामान कुठे ठेवायचे?" तो हसला आणि म्हणाला, "काका, तिसरी रांग उभी असली की डिक्कीत दोन-तीन लहान बॅगा बसतात. जास्त असेल तर टपावर कॅरिअर लावून देतो." म्हणजे माणसे बसवली तर सामान राहते आणि सामान घेतले तर मागची रांग दुमडावी लागते. मधल्या रांगेत दोन वेगवेगळी ऐसपैस आसने असलेला प्रकारही तिथे होता. तो घेतला की सातची सहाच आसने उरतात. ज्या सात आसनांसाठी एवढा आटापिटा, ती सगळी उपयोगात आणली की गाडी अपुरी पडते आणि नाही आणली की मोकळी फिरते.

शिवाय रांगांचा मान असतो. मालक पुढे, पाहुणे मधे, मागे लेकुरवाळी सून किंवा म्हातारी आजी. आपल्या दिंडीतही रांगा असतात. पण तिथे विणेकरी आणि मागचा माळकरी एकमेकांच्या पाया पडतात. एकाच कुटुंबाच्या गाडीत मागच्या रांगेतल्या माणसाला उतरायचे असेल तर मधल्याने आधी उठून वाट द्यावी लागते. हे लहानसे वाटेल. पण लघवीची अडचण असलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. प्रत्येक वेळी "जरा थांबवता का?" म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता पैशाचा हिशोब करू. परमार्थाच्या मासिकात हप्त्याचा हिशोब कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात हप्ता थकतो तिथे हरिपाठाला बसलेल्या माणसाचे चित्त कुठे असते, हे सांगायला नको.

सोळा लाख रुपये, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे २६,१५० रुपये. असे ८४ हप्ते. एकूण भरणा जवळजवळ २२ लाख, म्हणजे सहा लाखांच्या आसपास नुसते व्याज. शिवाय सुरुवातीचे चार लाख वेगळे. डिझेल, विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळे. मूळ किमतीतही कराचा वाटा मोठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा मोठीवर ४० टक्के. वर राज्याचा नोंदणीचा कर.

आणि एवढे देऊन घेतलेल्या वस्तूची किंमत काय राहते? विमा उतरवताना गाडीची किंमत ठरवण्याचे ठरावीक कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के उतरतात. पाचवे वर्ष भरेपर्यंत किंमत निम्म्यावर येते. त्या दिवशी आपले अजून २४ हप्ते बाकी असतात. शेतकऱ्याने बैल घेतला तर तो कामाला येतो, गाय घेतली तर वासरू देते. इथे उभ्या वस्तूची किंमत घटते आणि कर्ज मात्र पुरे फेडावे लागते.

याच्या शेजारी दुसरा हिशोब ठेवा. आमच्या गावाहून पंढरपूर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर. चालकासह मोठी गाडी दिवसभरासाठी आमच्याकडे सात हजारांत मिळते. इंधन त्यातच आले. वर्षाचे बारा हप्ते होतात ३,१३,८०० रुपये. तेवढ्या पैशांत वर्षाच्या चोवीसही एकादशा भाड्याच्या गाडीने पंढरपुरात करून वर वीस खेपा उरतात. आणि गाडी घेणाऱ्यांपैकी चोवीस एकादशा कोण करतो? मी मुलाला विचारले, "गेल्या वर्षभरात आपण सहा जण एका गाडीत किती वेळा बसलो?" दोघांनी मिळून आठवले. दिवाळी, भाचीचे लग्न, उन्हाळ्यात एकदा आणि आषाढीनंतर एकदा. चार वेळा. उरलेले ३६१ दिवस ती सात आसने घेऊन तो एकटा चिंचवडच्या रहदारीत कंपनीत जाणार होता. पावणेदोन टनांचे लोखंड हलवायचे, बसणारा एक.

सज्जनहो, कर्ज या शब्दापाशी आपल्या संप्रदायाने तरी थांबायला हवे. आपले तुकोबाराय सावकाराच्या घरचे. दुष्काळाने होरपळल्यानंतर त्यांनी काय केले, हे आपण भंडाऱ्याच्या डोंगराइतक्याच भक्तीने सांगतो. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची कर्जखते त्यांनी कान्होबांना दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. लोकांच्या मानेवरचा फास त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला आणि त्यासाठी स्वतः दारिद्र्य पत्करले. त्याच देहूला दर्शनाला जायचे म्हणून आपण नवे कर्जखत लिहून द्यायचे, आणि ज्याला सोडवायला कोणी तुकोबा येणार नाहीत असा फास हौसेने गळ्यात घालायचा, याला काय म्हणावे?

तुकोबारायांनी पैसा मिळवणे वाईट म्हटले नाही, हे मला माहीत आहे. आपला मार्ग प्रपंच सोडायला सांगत नाही. आपले संत शेतकरी होते, शिंपी होते, कुंभार होते, माळी होते, व्यापार करणारे होते. मिळवण्याची आणि खर्चण्याची रीत मात्र त्यांनी सांगून ठेवली, आणि त्या रीतीत दिखाव्याला जागा नाही. म्हणून गाडी नको असे मी म्हणत नाही. रिकाम्या आसनांसाठी कर्ज नको, एवढेच म्हणतो.

यावर जे आक्षेप येतात ते मी टाळणार नाही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. "लहान गाडीत सात जण कोंबण्यापेक्षा मोठी बरी." अगदी खरे. पाचांच्या गाडीत सात बसवणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. डिक्कीत पोरे बसवून देवदर्शनाला निघालेली कुटुंबे पाहिली की अंगावर काटा येतो. ज्या घरात सात माणसे एका छपराखाली राहतात, रोज दोन मुले शाळेला, आजोबा डायलिसिसला, बाकीचे शेतावर असा प्रवास आहे, त्यांनी तीन रांगांची गाडी जरूर घ्यावी. तिथे आसने भरलेली आहेत. पण घेताना तिसऱ्या रांगेत स्वतः बसून पाहावे. तिथले पट्टे, डोक्याचा आधार, मागून धडक बसली तर पाठीमागे किती जागा आहे, हे पाहावे. रंग आणि छताची काच नंतर पाहावी. नातवंडे तिथे बसणार आहेत.

दुसरा आक्षेप सोयीचा. "भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, एसटीची गर्दी सोसत नाही." हेही अर्धे खरे. एसटीची पायरी उंच असते आणि गुडघे धरलेल्या माणसाला ती चढणे जड जाते, हे मी रोज पाहतो. पण सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत केली, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. आषाढीला महामंडळ पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सोडते. एका गावातून चाळीसेक माणसे जमली तर गावातून थेट पंढरपूरला गाडी मिळण्याची सोयही केली जाते. चाळीस माणसे जमवणे आपल्याला अवघड का व्हावे? आपण तर टाळकऱ्यांची जात. पूर्वी गावचा एक माणूस घरोघर फिरून याद्या करायचा. आता प्रत्येकाच्या दारात आपापली गाडी आली आणि ते फिरणे बंद झाले. शेजारच्या म्हातारीला कोण नेणार, हा प्रश्न तेव्हा विचारावा लागत नव्हता.

आपल्या दिंडीचेच पाहा. प्रत्येक वारकरी भिशी भरतो आणि दिंडीचा एक ट्रक राहुट्या, भांडी, शिधा, पिशव्या घेऊन पुढच्या मुक्कामाला जातो. त्या ट्रकचा मालक कोण, याची चौकशी कोणी करत नाही. शंभर माणसांचे ओझे एका वाहनात आणि शंभर माणसे मोकळ्या हातांनी नाचत. वाहन कसे वापरावे, हे वारीने शेकडो वर्षे शिकवले आहे. चार घरांनी मिळून एकादशीला एक गाडी ठरवली तर सात आसने भरतील आणि हप्ता कोणाच्याच गळ्यात पडणार नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. "घेतलेली गाडी वारीच्या दिवसांत भाड्याने लावीन, हप्ता निघेल" असे काही तरुण म्हणतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि मग घर विकावे लागेल.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, तो मीच घेतो. "महाराज मोठ्या गाडीतून येतात, मग आम्ही का नको?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आम्ही कीर्तन-प्रवचन करणाऱ्यांनी द्यायला हवे. एका गावचे कीर्तन रात्री संपवून दीडशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी पोचणाऱ्याला भक्कम गाडी लागते, ती गरज आहे. बरोबर मृदंगाचार्य, गायक, चालक असतात, आसने भरलेली असतात. पण सप्ताहात महाराज कोणत्या गाडीतून उतरले, याची चर्चा चिंतनाच्या अगोदर होऊ लागली, आणि त्या गाडीच्या आकारावरून मानधन ठरू लागले, तर तो दोष श्रोत्यांचा कमी आणि आमचा जास्त. आम्ही व्यासपीठावरून वैराग्य सांगायचे आणि खाली उतरून किल्लीचे बटण दाबायचे. पोरे ऐकतात त्यापेक्षा जास्त पाहतात. आमच्या पोरांना हा घोडा आम्हीच दाखवला.

दिखाव्याचे टोक पाहायचे असेल तर आषाढात आमच्या भागात या. माउलींची पालखी फलटणहून बरडकडे निघते तेव्हा तो रस्ता माणसांनी भरून वाहतो. पालखीमार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. दोन्ही बाजूंनी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, अशी त्यातली योजना. रस्ता रुंद झाला याचा आनंदच आहे. पण याच गर्दीत मी एक काळी, उंच, कोरी गाडी पाहिली. आत दोन माणसे. काचा वर, आत गार वारा. पुढे एक म्हातारी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालली होती, आणि तिने बाजूला व्हावे म्हणून गाडी हॉर्न वाजवत होती. गाडी पुढे गेली तेव्हा मागच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिलेले दिसले, "माउली". वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो. त्या म्हातारीलाही वाटेतल्या प्रत्येकाने माउलीच म्हटले असेल. काचेवरच्या माउलीने रस्त्यावरच्या माउलीला हॉर्न वाजवून बाजूला केले. हे पाहिल्यापासून मी गाडीच्या विषयात गप्प बसायचे सोडले.

आणि शेवटी पंढरपुरात काय होते? आषाढी-कार्तिकीला वाहने गावाबाहेरच थांबवतात. एसटीने आलात, वीस लाखांच्या गाडीने आलात किंवा टेम्पोत उभे राहून आलात, तरी पुढची वाट पायांनीच. दर्शनाची बारी लांब गेलेली असते आणि बारीत सात आसनी कोणी नसतो. पांडुरंगाने शेवटचा टप्पा सगळ्यांना सारखा ठेवला आहे.

असो. माझ्या घरी काय झाले, ते सांगून संपवतो. शोरूममधून परतल्यावर मुलाची आई रात्री त्याला म्हणाली, "मला पंढरीला न्यायचं असेल तर ने. पण माझ्या नावावर गाडी नको. उद्या हप्ता थकला तर माझ्यामुळे थकला असं व्हायला नको." मुलाला ते लागले. तो दुसऱ्या दिवशी न जेवता चिंचवडला गेला. आठ दिवस फोन नाही. मलाही वाटले, फार कठोर झालो का? पोराने हौसेने काही म्हटले आणि आपण हिशोबाची वही काढली. बापाने असे करावे का? पण ठेव मोडायला माझा हात धजावला नाही, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

नवव्या दिवशी फोन आला. त्याने एकच सांगितले, "आबा, पुढच्या एकादशीला रजा टाकलीय." तो आपली जुनी लहान गाडी घेऊन आला. सून आणि मुले परीक्षेमुळे आली नव्हती. आईला पुढे बसवले, आसन पूर्ण मागे सरकवून पाय पसरता येतील असे केले. मी मागे. वाटेत तो चार वेळा न सांगता थांबला. पंढरपुरात त्याने व्हीलचेअर मिळवली आणि आईला नामदेव पायरीपर्यंत स्वतः ढकलत नेले. तिथून तिने कळसाचे दर्शन घेतले. परतताना ती म्हणाली की एकोणीस वाऱ्यांत हे पोरगं एकदाही बरोबर नव्हतं, आज आलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिला आसन कमी पडत नव्हते. पोराची रजा कमी पडत होती. ती रजा कोणतीही बँक कर्जाने देत नाही, आणि हप्त्याच्या भीतीने जादा पाळ्या करणाऱ्या माणसाला ती मिळतही नाही. मोठी गाडी आली असती तर ती फेडण्यासाठी तो रविवारीही कंपनीत गेला असता आणि त्याची आई अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहत बसली असती.

मुलाने मोठ्या गाडीचा विचार कायमचा सोडलेला नाही. मुले मोठी होत आहेत, कदाचित पुढे लागेल. लागली तर मी आडवा येणार नाही. फक्त घेण्याआधी या तीन गोष्टी कागदावर लिहायला सांगेन, आणि वाचक माउलींनाही तेच सांगतो. वर्षातले किती दिवस सगळी आसने भरतील? तिसऱ्या रांगेत कोण बसणार, आणि तो माणूस तिथे बसून पाहून हो म्हणाला आहे का? आणि या कर्जासाठी घरातली कोणती ठेव, कोणते औषध, कोणाची फी मागे पडणार आहे? या तिन्हींची उत्तरे देताना देवाचे नाव घ्यायचे नाही आणि आई-वडिलांचेही घ्यायचे नाही. तरीही गाडी घ्यावीशी वाटली तर नारळ फोडायला मी स्वतः येईन.

देव पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा त्याला बसायला द्यावे असे त्या घरात काही नव्हते. हाताशी एक वीट होती. घोडा असता तरी पुंडलिकाने त्याच्यावर देवाला बसवले नसते, कारण त्याचे दोन्ही हात आई-वडिलांच्या पायांवर होते. देव त्या विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे. त्याने आजवर कोणाला आसन मागितलेले नाही.

राम कृष्ण हरी.